तारबाबू, काळा पडदा आणि कंट्रोलची कळ

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या पूर्णेचाच आहे.

दिवाळीला गावी आलो होतो. पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. अंगणात खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेला. स्क्रीनवर नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, म्हणजे कमांड लाइन. पठ्ठ्यानं एक लांबलचक ओळ टाइप केली होती आणि चूक निघाली पहिल्याच शब्दात. मग डाव्या बाणाची कळ दाबून धरली आणि कर्सर एकेक अक्षर मागं सरकताना बघत बसला.

शेजारचे काका आले होते फराळाला. रेल्वेतून रिटायर झालेले, वय ऐंशीच्या पुढं, नोकरीची बरीच वर्षं तारेच्या कामावर गेलेली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "काय करायलास रे बाळा एवढा वेळ? एवढ्या वेळात आम्ही अकोल्याला तार देऊन मोकळं व्हायचो."

सगळे हसले. मी पुतण्याला म्हणालो, कंट्रोल दाबून ए दाब. कर्सर एका झटक्यात ओळीच्या सुरुवातीला गेला. पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. मग त्यानं जो प्रश्न विचारला, त्यासाठीच ही पोस्ट आहे.

"काका, हे असं कुणी ठरवलं? एमएस-सीआयटीत शिकवलं की कंट्रोल-सी म्हणजे कॉपी. इथं कंट्रोल-सी दाबलं की चालू काम बंदच पडतं. याला काही अर्थ आहे का?"

अर्थ आहे. आणि तो समजायला पूर्णा स्टेशनसारखी दुसरी जागा नाही.

आधी आपलं गाव बघू. मनमाड-सिकंदराबाद हा मीटर गेज मार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास तयार झाला. पूर्णेहून हिंगोलीकडं फुटणारी शाखा १९१२ ची. शाखा फुटली म्हणून पूर्णा जंक्शन झालं, जंक्शन झालं म्हणून लोको शेड आलं, क्वार्टर्स आले, मराठी-उर्दू-तेलुगू बोलणारी माणसं आली. ज्याला आपण आज पूर्णा म्हणतो ते गाव बरंचसं रुळांनी वसवलं. पुढे १९५१ ला निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली, २००३ ला नांदेड विभाग झाला. हे तुम्हाला माहीतच आहे.

पण रुळांच्या बाजूनं दुसरी एक गोष्ट धावत होती, ती तार. एकेरी मार्ग. समोरून गाडी येतीय की नाही हे पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय इकडची गाडी सोडता येत नाही. म्हणजे इंजिनापेक्षा निरोप आधी पोचायला पाहिजे. आणि निरोप एका तारेवरून जाणार, कट्ट-कडकट्ट असा, एकेक अक्षर करत. मग कुणीही शहाणा माणूस काय करेल? अक्षरं वाचवेल.

म्हणून स्टेशनांना संकेत मिळाले. आपलं पूर्णा म्हणजे पी-ए-यू. परभणी पी-बी-एन. नांदेड एन-ई-डी. अकोला फक्त ए-के. आणि जालन्याचा थाट तर बघा, एकच अक्षर, जे! आज तिकिटावर, मोबाइल ॲपवर, गाडी कुठं आहे ते बघताना आपण हेच संकेत वापरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे हे शॉर्टकट अजून जिवंत आहेत आणि आपल्या रोजच्या बोटाखाली आहेत.

मोर्सच्या लिपीतही हाच हिशोब होता. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारं अक्षर ई, त्याला फक्त एक टिंब. टी ला फक्त एक रेघ. क्वचित येणाऱ्या क्यू ला मात्र रेघ-रेघ-टिंब-रेघ. जे काम रोज शंभरदा करायचं ते छोटं करा, जे महिन्यातून एकदा येतं ते लांब असलं तरी चालतंय. पुढचं सगळं या एका वाक्यात आलं.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला आठवत असेल, पोस्टातून लग्नाची शुभेच्छा तार करायची तर अख्खं वाक्य लिहायची गरज नव्हती. तयार वाक्यांची यादी टांगलेली असायची, प्रत्येकाला नंबर. फॉर्मवर नंबर लिहिला की पलीकडं पूर्ण वाक्य पोचायचं, पैसेही कमी. आजची पोरं कमांड लाइनवर याला "एलियस" म्हणतात. छोटं नाव द्यायचं, मोठी कमांड चालते. आपल्या आज्यानं तेच केलं होतं, पोस्टाच्या खिडकीत उभं राहून. ती तार जुलै २०१३ मध्ये देशभर बंद झाली.

आता तारेपासून कॉम्प्युटरपर्यंत कसं आलो ते बघा. मधला दुवा बहुतेकांना माहीत नसतो.

मोर्स यायला प्रशिक्षित कान लागायचा. म्हणून तारेला टाइपरायटर जोडायची धडपड सुरू झाली. फ्रान्समध्ये बोदो नावाच्या तारखात्यातल्या माणसानं १८७४ ला पाच कळांची पद्धत काढली. प्रत्येक अक्षर म्हणजे पाच होय-नाहींचा एक संच. मोडेमच्या काळात "बॉड" हा शब्द ऐकला असेल, तो याच माणसाच्या नावावरून. पुढे यातून टेलिप्रिंटर झाला. इकडं टाइप करा, तिकडं कागदावर आपोआप उमटतंय.

आता गंमत अशी, की तारेवरून नुसती अक्षरं पाठवून भागत नाही. पलीकडच्या मशीनला हुकूमही द्यावे लागतात. ओळ संपली, गाडा परत डावीकडं ने. कागद एक ओळ वर सरकव. घंटी वाजव, म्हणजे तिथला माणूस जागा होईल. मजकूर संपला. पाठवणं संपलं. हे हुकूम कागदावर दिसत नाहीत, पण तारेतून अक्षरांसारखेच जातात. अमेरिकेत १९६३ ला आस्की नावाचं प्रमाण ठरलं, त्यात पहिले ३२ आकडे, शून्यापासून एकतीसपर्यंत, अशा न दिसणाऱ्या हुकमांसाठी राखून ठेवले.

आणि हे हुकूम द्यायची कळ कोणती? कंट्रोल! कंट्रोल दाबून एखादं अक्षर दाबलं, की वर्णमालेत त्या अक्षराचा जो नंबर, तो हुकूम जातो. ए पहिला म्हणून १. सी तिसरा म्हणून ३. डी चौथा म्हणून ४.

आता पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर घ्या. आस्कीच्या यादीत ३ नंबरचा अर्थ "मजकूर संपला". कमांड लाइनवर कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबव. ४ नंबरचा अर्थ "पाठवणं संपलं". आजही लिनक्सच्या काळ्या पडद्यावर कंट्रोल-डी दाबलं की तो समजतो, माणसाचं बोलणं संपलं, आणि खिडकी बंद करतो. ७ नंबर म्हणजे घंटी, सातवं अक्षर जी, म्हणून कंट्रोल-जी हा अजूनही घंटीचाच हुकूम. ८ म्हणजे एक घर मागं, ९ म्हणजे टॅब, १३ म्हणजे गाडा परत. बोटांवर मोजून बघा, एच, आय आणि एम. बरोबर येतंय.

आणि एक किस्सा, ज्यानं कित्येक पोरांचा घाम काढलाय. काळ्या पडद्यावर चुकून कंट्रोल-एस दाबलं की सगळं गोठतं. काही टाइप केलं तरी दिसत नाही. पोरगं घाबरतं, खिडकी बंद करतं, केलेलं काम जातं. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. एस एकोणिसावं अक्षर. टेलिप्रिंटरच्या कागदी फितीचा वाचक थांबवायचा हुकूम १९ नंबरचा होता, आणि परत चालू करायचा १७ चा. सतरावं अक्षर क्यू. म्हणून कंट्रोल-क्यू दाबा, पडदा परत बोलायला लागतो. फीत गेली, मशीन भंगारात गेलं, हुकूम मात्र तसाच राहिला.

मग कॉपी-पेस्टचं काय? तो वेगळ्या घराण्यातला. लॅरी टेस्लर आणि त्याच्या सोबत्यांनी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात कट-कॉपी-पेस्ट घडवलं, पुढे ॲपलनं ते एक्स-सी-व्ही या शेजारशेजारच्या कळांवर बसवलं. तोवर कमांड लाइनवाल्यांचं कंट्रोल-सी ठरून गेलं होतं. एकाच कळेवर दोन घराण्यांचा हक्क. गावात असे वाद आपण पाहिलेत, त्यामुळं समजायला अवघड नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. बेल म्हणजे टेलिफोनवाल्यांचीच संस्था, बरं का. त्यांच्यासमोर स्क्रीन नव्हता, टेलिटाइप होता. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापणारा, कडक कळांचा, धडधड आवाज करणारा. म्हणून कमांडची नावं बघा कशी आहेत. यादी बघायची तर एल-एस. कॉपीसाठी सी-पी. हलवायचं तर एम-व्ही. पुस्तकात वाचताना पोरांना वाटतं, हे काय विचित्र. अरे, हे पी-ए-यू आणि ए-के चेच चुलतभाऊ आहेत! आजही लिनक्समध्ये टी-टी-वाय अशी कमांड आहे, ती टेलिटाइपचं नाव जपून बसलीय.

पुढची शॉर्टकट अशीच गरजेतून आली. ओळीच्या सुरुवातीला ए, शेवटाला ई, शेवटपर्यंतचं कापायला के, ही पद्धत १९७६ च्या ईमॅक्स नावाच्या एडिटरमधून रूढ झाली. आधी दिलेली कमांड परत बोलवायची सोय सत्तरच्या दशकाच्या शेवटी बिल जॉय यानं बर्कलीत केली. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सनं बॅश लिहिलं आणि या सगळ्या सोयी एका घरात नांदायला लागल्या. आजही बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तेच बॅश समोर येतं.

आता परत आपल्या स्टेशनवर या.

रेल्वेचं कॉम्प्युटर रिझर्व्हेशन १९८५-८६ मध्ये दिल्लीला सुरू झालं. त्याआधी मोठमोठे रजिस्टर, एका गाडीचं एका खिडकीलाच, बाकीच्यांनी रांग बदलायची. १९८६ लाच रेल्वेनं क्रिस ही स्वतःची संस्था काढली. पुढे "कॉन्सर्ट" नावाची सुधारलेली प्रणाली आली. ती १९९४ मध्ये पहिल्यांदा कुठं बसली सांगा? सिकंदराबादला. म्हणजे आपल्याच झोनच्या मुख्यालयात. १९९९ पर्यंत देशातली पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली आणि कुठूनही कुठलंही तिकीट निघायला लागलं. घरबसल्या तिकीट २००२ पासून.

त्या खिडकीतल्या बाबूंसमोरचा पडदा आठवा. काळा पडदा, नुसती अक्षरं, माउसचा पत्ता नाही. गाडी नंबर, तारीख, वर्ग, कुठून, कुठपर्यंत. पी-ए-यू टाइप केलं, पुढचा रकाना. डोळे तुमच्या फॉर्मवर, बोटं कळांवर. रांगेतला प्रत्येक जण त्या बोटांवर टपून असायचा. पुढे तत्काळ आलं, डिसेंबर १९९७ मध्ये, आणि बोटांचा वेग म्हणजे कुणाची तरी सीट हे उघडच झालं. पुण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसाला, हैदराबादला पेशंट घेऊन जाणाऱ्या बाईला, समोरचा बाबू दोन बोटांनी टाइप करतो की दहा बोटांनी, यानं फरक पडायचा. "आज खिडकीवर कोण बसलंय?" असं विचारून लोक रांगेत उभे राहायचे. शॉर्टकट ही हौस नव्हती. त्यात समोरच्या माणसाचा वेळ होता.

आता मुद्द्याचं बोलतो.

आपल्या तालुक्यातली पोरं बी.एससी., बी.सी.ए., इंजिनिअरिंग करून पुण्याला, हैदराबादला जातात. हुशार असतात. पण कित्येकांचा कीबोर्डशी पहिला खरा संबंध कॉलेजात येतो, तोवर सगळं मोबाइलवर अंगठ्यानं. मग पहिल्या नोकरीत काळा पडदा समोर येतो. शेजारी बसलेला शहरातला पोरगा खटाखट कमांड मारतो आणि आपल्या पोराला वाटतं, हे आपल्या रक्तातच नाही, आपण खेड्यातले. मलाही असंच वाटलं होतं. पहिल्या नोकरीत माझ्यामागं उभा राहून एकानं विचारलं होतं, "बाणाची कळ झिजली नाही का अजून?" लोक हसले. मी त्या रात्री जेवलो नाही.

आज मला वाटतं, तेव्हा कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, की अरे, तुझं गाव शंभर वर्षं याच कामावर जगलंय. हुकूम छोटा कर, अचूक दे, पोचल्याची खात्री कर, हे पूर्णेच्या स्टेशनात पिढ्यान्‌पिढ्या चाललं. परकं काहीच नव्हतं. फक्त मधला दुवा कुणी सांगितला नाही.

म्हणून पोरांनो, हे एवढं कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पंधरा दिवस बोटांना वळण लावा.

कंट्रोल-ए, ओळीची सुरुवात. कंट्रोल-ई, शेवट.
कंट्रोल-डब्ल्यू, मागचा एक शब्द पुसतो. कंट्रोल-यू, कर्सरपासून सुरुवातीपर्यंतचं. कंट्रोल-के, शेवटपर्यंतचं.
कंट्रोल-वाय, असं कापलेलं परत आणतो. म्हणजे घाबरायचं कारण नाही.
टॅब, फाइलचं अर्धं नाव लिहा, बाकीचं तो लिहितो. यानं वेळ तर वाचतोच, स्पेलिंगची चूकही होत नाही.
कंट्रोल-आर, जुन्या कमांड शोधतो. दोन-तीन अक्षरं टाका, पूर्वी दिलेली ओळ समोर. एकच शिकायचं असेल तर हे शिका.
कंट्रोल-एल, पडदा साफ. कंट्रोल-सी, थांब. आणि पडदा गोठला तर कंट्रोल-क्यू, आता विसरणार नाही.

सगळं एका दिवसात पाठ करायला जाऊ नका. आठवड्याला दोन. आणि त्या आठवड्यात बाणाच्या कळेला हात लावायचा नाही.

एक इशारा मात्र काकांच्याच तोंडून ऐका. पुतण्याला सगळं आवडलं, भराभर करायला लागला. काका म्हणाले, "जपून रे. आमच्याकडं नुसतं जल्दी चालत नव्हतं. निरोप दिला की पलीकडच्यानं परत म्हणून दाखवायचा. मग नोंद. मग गाडी." गेट बंद झालं का हे विचारताना स्टेशन मास्तर आणि गेटमन एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, तो याचसाठी. नुसतं "हो" चालत नाही, वहीत नंबर पाहिजे. कमांड लाइनचंही तसंच आहे. कंट्रोल-आर नं कालची कमांड आली आणि न वाचता एंटर मारलं, तर फाइली उडवणारी कमांडही तितक्याच वेगानं चालते. पुसलेलं कचरापेटीत जात नाही, जातं ते जातंच. शॉर्टकट हा पूर्ण रस्ता माहीत असलेल्या माणसासाठी असतो. ओळ आणा, वाचा, मग एंटर.

शेवटी दोन गोष्टी गावाला.

एक. मीटर गेज गेलं, अकोल्याची लाइन २००८ मध्ये मोठी झाली, शेडचं जुनं वैभव गेलं, यावर आपण कट्ट्यावर रोज बोलतो. त्या बोलण्याला अर्थ आहेच. पण ज्यांच्या कानात अजून कट्ट-कडकट्ट वाजतंय ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. मोबाइल सगळ्यांकडं आहे. आपल्या घरातल्या, गल्लीतल्या निवृत्त रेल्वेवाल्याकडं जा, अर्धा तास रेकॉर्ड करा. कोणते संकेत वापरायचे, रात्रपाळीला काय व्हायचं, चूक झाली तर काय व्हायचं. हा इतिहास कुठल्या सरकारी रजिस्टरात मिळणार नाही.

दोन. शाळा-कॉलेजवाल्यांना, वाचनालयवाल्यांना, नगरसेवकांना विनंती. जयंत्यांना डीजेवर जेवढं जातं त्याच्या थोड्याशा हिश्श्यात जुने चार-पाच कॉम्प्युटर येतात. लिनक्स फुकट आहे, बॅश फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं. संध्याकाळी दोन तास खोली उघडी ठेवा. शिकवायला रविवारी मी येतो, सुट्टीला गावी येणारे अजून चार जण येतील. पैसे नकोत.

जाता जाता त्या दिवसाचं सांगतो. काकांना मी लॅपटॉपसमोर बसवलं. म्हणालो, काका, कंट्रोल दाबून डी दाबा. त्यांनी थरथरत्या बोटानं दाबलं. पडद्यावर "लॉगआउट" आलं आणि खिडकी बंद झाली. मी सांगितलं, हा तारेच्या काळातला हुकूम आहे, पाठवणं संपलं असा. काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, "म्हणजे आमचं अजून चालू आहे म्हण की."

चालू आहे, काका. पोरांपर्यंत पोचवायचं तेवढं राहिलंय.

तुमच्या घरात कुणी तारेवर, खिडकीवर, केबिनमध्ये काम केलेलं असेल तर त्यांची एखादी आठवण खाली नक्की लिहा. आणि रविवारच्या वर्गासाठी खोली देऊ शकणाऱ्यांनी मला मेसेज करा.